डब्यात गेलेले चित्रपट

मराठीत पडलेल्या चित्रपटाला ‘डब्यात गेला’ म्हणतात. गंमत अशी, की जे चित्रपट खरोखर डब्यात, थंड आणि कोरड्या जागी पडून राहिले, तेच आज आपण अभिजात म्हणून पाहतो. बाकीच्यांच्या नशिबी डबाही नव्हता. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट बनले. आज त्यांतले तीसेक सापडतात, तेही बरेचसे तुकड्यांत. जुन्या चित्रपटांची कुठलीही ‘सर्वोत्तम’ यादी वाचताना हे विसरता येत नाही. ती निवड आधी आगीने आणि भंगारवाल्याने केलेली असते, समीक्षकांची पाळी नंतर येते.

त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे सेल्युलॉइडची. सेल्युलॉइडमध्ये कापूर असायचा आणि ती पेटायचीही कापरासारखीच. एकदा पेटली की जळायला लागणारा ऑक्सिजन स्वतःच तयार करते, म्हणून पाण्यात बुडवूनही विझत नाही. नाही पेटली तर आपल्या उष्ण, दमट हवेत आधी चिकट होते आणि शेवटी तिची पूड होते. पण सगळा दोष हवेवर टाकणं बरोबर नाही. फिल्मवरच्या थरात चांदी असते. १९३१ नंतर बोलपटांची लाट आली, मूकपटाला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि मालकांना गोदाम अडवून बसलेल्या रिळांपेक्षा चांदीचे पैसे बरे वाटले. धंद्याच्या हिशेबाने त्यांचं चुकलंही नसेल. चित्रपट हा जपून ठेवायचा ऐवज आहे, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात होतं?

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढं उरलं आहे. तीही मूळची नसून १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या चित्रपटापासून आपण इतिहास मोजतो, तो कदाचित आपल्यातल्या कुणीच पाहिलेला नाही.

फाळक्यांचं जे काही हाती आहे, त्याचं मोठं श्रेय पी. के. नायर यांचं. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं आणि पुढच्याच वर्षी नायर तिथे रुजू झाले. १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी बाराएक हजार चित्रपट गोळा केले. ‘कालिया मर्दन’ (१९१९) त्यांच्याकडे तुकड्यातुकड्यांनी आला. फाळक्यांच्या टिपणवहीच्या आधाराने त्यांनी प्रसंगांचा क्रम लावला, म्हणून कृष्ण झालेली फाळक्यांची लेक मंदाकिनी आज आपल्याला पाहायला मिळते.

नायर यांनाही ‘आलम आरा’ मात्र मिळाला नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला हा पहिला भारतीय बोलपट. स्टुडिओजवळून आगगाड्या जायच्या, त्यांचा आवाज नको म्हणून चित्रीकरण रात्री चालायचं. ही माहिती आहे, छायाचित्रं आहेत, जाहिराती आहेत. ज्याची ओळखच आवाज, त्याचा आवाजच तेवढा नाही.

मला स्वतःला याहून जास्त हळहळ वाटते ती बाबूराव पेंटरांच्या १९२५ च्या ‘सावकारी पाश’ची. चहूकडे पौराणिक कथा चालत असताना कोल्हापुरात बसून या माणसाने कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट पडद्यावर आणली. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम. प्रिंट उरली नाही. उरली ती पाहणाऱ्यांची आठवण. अंधूक उजेडातली झोपडी आणि बाहेर रडणारं कुत्रं निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या मनात कितीतरी वर्षं राहिलं होतं.

पेंटरांच्याच तालमीत तयार झालेल्या दामले आणि फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) नशीबवान ठरला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. शांताराम आठवल्यांचं ‘आधी बीज एकले’ तर लोकांनी तुकोबांचाच अभंग म्हणून स्वीकारलं. असा चित्रपट चालत राहतो, नव्या प्रिंटांना मागणी राहते, आणि त्यातच तो वाचतो. तरी तो काढणाऱ्या प्रभात फिल्म कंपनीच्या पुण्यातल्या ज्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथेच जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि संग्रहालयाचा नायट्रेटवरचा मोठा साठा जळाला.

आग परदेशातही सोडत नाही. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’च्या (१९५५) मूळ निगेटिव्हला १९९३ साली लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीची झळ बसली. पण जळकी रिळं कुणी फेकली नाहीत. पुढे इटलीत बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी ठिसूळ झालेल्या फिल्मवर महिनोन्‌महिने काम केलं आणि २०१५ मध्ये ‘पथेर पांचाली’सह त्यातल्या अपूच्या कथेचे तिन्ही चित्रपट पुन्हा झळकले.

छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना द्याव्यात, असा कायदा आपल्याकडे १९५४ पासून आहे. चित्रपटासाठी तसा कायदा नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तर प्रत संग्रहालयात जाते. एरवी डबा कुणाच्या माळ्यावर पडतो, यावर सगळं.