आधी माती, मग नकाशा

बंद कारखान्याच्या एक किलो मातीत 500 मिलिग्रॅम शिसे सापडले, तर ती जमीन वापरायची की नाही? जर्मनीच्या मृदासंरक्षण नियमावलीत याचे एकच उत्तर नाही. आधी सांगा, तिथे होणार काय आहे? मुलांचे खेळाचे मैदान होणार असेल तर शिशाची मर्यादा किलोमागे 200 मिलिग्रॅम. घरे होणार असतील तर 400, सार्वजनिक बाग असेल तर 1,000, आणि पुन्हा कारखानाच येणार असेल तर 2,000. मर्यादा ओलांडली म्हणून जमीन बाद होत नाही, पण तिचा खोलात जाऊन तपास करावा लागतो. म्हणजे आपली 500 मिलिग्रॅमवाली माती बागेला चालेल, घरांसाठी मात्र संशयास्पद ठरेल.

हा नियमातला ढिलेपणा नव्हे. शिसे नुसते मातीत असून कुणाला बाधत नाही, ते शरीरात पोचावे लागते. रांगते मूल मातीत हात घालते आणि तीच बोटे तोंडात घालते. शिवाय मुलांच्या आतड्यांतून शिसे मोठ्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त शोषले जाते, आणि तेही मेंदूची घडण चालू असतानाच्या वयात. गोदामात काम करणाऱ्याच्या पायाखाली काँक्रीट असते, त्याचा मातीशी संबंध फारसा येतच नाही. धोका व्हायला विष, त्याची वाट आणि त्या वाटेवरचा माणूस, अशा तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. माती उपसून नेली तर विष जाते, पण खर्च अफाट आणि ती माती शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी उशाशी जाऊन पडते. वर चिकणमातीचा जाड थर दिला तर वाट बंद होते. आणि तिथे कोण राहणार, कोण नुसते फिरायला येणार, हे शहराचा आराखडा ठरवतो. म्हणून विकास आराखड्यातला, भूखंडाचा वापर दाखवणारा रंग हासुद्धा सफाईचाच एक भाग आहे, असे मी मानतो.

जर्मनीच्या डुईसबुर्ग शहरातल्या माइडरिख भागात हे प्रत्यक्ष पाहायला मिळते. तिथला थिसेन कंपनीचा लोखंडाचा कारखाना 1985 साली बंद पडला. मागे राहिल्या खनिजातून लोखंड काढणाऱ्या झोतभट्ट्या, खनिजाचे प्रचंड बंकर आणि कोळशाच्या डांबरातली घातक रसायने व जड धातू मुरलेली जमीन. डुईसबुर्ग ज्यात येते त्या, कोळसा आणि पोलादाच्या रूर खोऱ्यातल्या अशा पडीक जमिनी विकत घेण्यासाठी तिथल्या राज्य सरकारने स्वतंत्र निधी उभारला होता. जमीन सार्वजनिक मालकीची झाली, त्यामुळे विचार करायला उसंत मिळाली. पुढे याच भागातल्या एम्शर नदीच्या पट्ट्यात 1989 ते 1999 अशी दहा वर्षांची पुनर्विकास योजना राबवली गेली. तिच्यात या जागेचे उद्यान करण्यासाठी स्पर्धा झाली आणि पेटर लाट्झ या भूदृश्य रचनाकाराचा आराखडा निवडला गेला.

लाट्झ यांनी सरसकट उपसा केला नाही. सर्वांत विषारी माल जुन्या बंकरांत भरून त्यांची तोंडे कायमची बंद केली आणि वर बागा केल्या. कमी दूषित पट्ट्यांत झाडझाडोरा आपोआप वाढू दिला. तिथली काही रसायने मातीतले जीवाणू हळूहळू फोडतात. पण जड धातूंचे तसे नसते. ते कुजत नाहीत, विघटन होऊन नाहीसे होत नाहीत, त्यांना जागच्या जागी अडकवूनच ठेवावे लागते. म्हणून कुठे माणसाने जमिनीला पाय लावायचा आणि कुठे उंचावरच्या पुलावरूनच जायचे, हे त्या आराखड्यातच ठरले. आज झोतभट्टीवर चढून जाता येते आणि जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरून तिथे पाण्याखाली बुडी मारण्याचा सराव चालतो.

पाण्याचे काम मला सर्वांत देखणे वाटते. खाली कोळशाच्या खाणी असल्याने या भागातली जमीन सतत खचत होती. पुरलेल्या गटारवाहिन्या फुटल्या असत्या, म्हणून सगळ्या खोऱ्याचे सांडपाणी शंभराहून अधिक वर्षे एम्शर नदीतूनच उघड्यावर वाहिले. बागेतून जाणाऱ्या एम्शरच्या जुन्या पात्रातले सांडपाणी लाट्झ यांच्या आराखड्यात बंद नळात घातले, नळावर चिकणमातीचा थर दिला आणि वरच्या पात्रात छपरांवरचे पावसाचे पाणी सोडले. खाली घाण, वर स्वच्छ कालवा, मध्ये चिकणमाती. खाणी सरून जमीन स्थिरावल्यावर मुख्य नदीसाठीही भूमिगत वाहिनी बांधली आणि 2021 च्या अखेरीस एम्शर सांडपाण्यातून मोकळी झाली.

इथे गिरणगाव आठवल्याशिवाय राहत नाही. 1991 च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे केले: एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे केले, जुन्या बांधकामाखालची जमीन त्यातून वगळली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. शहराच्या वाट्याला फार थोडे आले, याचे दुःख आजही आहे. पण वाटणीच्या आधीचा प्रश्न मातीचा असतो. कुठल्याही बंद कारखान्याच्या तपासणीत पहिली पायरी नमुने घेण्याची नसते, जागेचा इतिहास गोळा करण्याची असते. रंगखाते कुठे होते, बॉयलरची राख कुठे टाकत, तेलाची टाकी कुठे पुरली होती, हे तिथे उभा जन्म काढलेला कामगार झोपेतही सांगेल. त्यावरून नमुन्यांच्या जागा ठरतात. कामगार पांगले आणि शेड पाडल्या की ही माहिती कुठल्याच कागदावर उरत नाही, आणि मग आंधळेपणाने भोके पाडत बसावे लागते.

रूर खोऱ्यातही काम संपलेले नाही. बंकरांत कोंडलेला माल तिथेच आहे, त्यावर लक्ष ठेवावेच लागते. खाणींमुळे जमीन काही ठिकाणी इतकी खचली आहे की पाणी उपसणारे पंप थांबले तर वस्त्यांत पाणी शिरेल. जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण 2018 मध्ये बंद झाली, पंप मात्र बंद करता येणार नाहीत. या न संपणाऱ्या खर्चासाठी 2007 सालीच एक प्रतिष्ठान स्थापन करून ठेवले आहे.