संडे स्कूल शिक्षक-प्रशिक्षण

इव्हँजेलिकल (बायबललाच अंतिम प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायांत, रविवारी पवित्र शास्त्र शिकविणारे स्त्री-पुरुष बहुधा पेशाने शिक्षक नसतात. मंडळीचेच सभासद आपापले उद्योग सांभाळून हे काम विनावेतन करतात. शास्त्राचे ज्ञान आणि शिकविण्याचे कौशल्य या दोन्ही अंगांनी त्यांची तयारी करून घेण्याच्या पद्धतीला संडे स्कूल शिक्षक-प्रशिक्षण म्हणतात. ती मुख्यतः अमेरिकेत आकाराला आली.

रॉबर्ट रेक्स याने 1780 मध्ये इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे गरीब मुलांसाठी रविवारची शाळा काढली, तेव्हा शिक्षकांच्या तयारीचा प्रश्न फारसा नव्हता. तेथील शिक्षिकांना रविवारी एक शिलिंग मिळे आणि वाचन शिकविणे हे त्यांचे एक मुख्य काम असे. पुढे पगारी शिक्षकांची जागा स्वयंसेवकांनी घेतली. अमेरिकेत सार्वजनिक शाळा वाढल्यावर अक्षरओळखीचे काम तिकडे गेले आणि संडे स्कूलकडे प्रामुख्याने शास्त्रपाठ राहिला. भाविकपणा असला म्हणजे शिकविता येतेच असे नाही, ही अडचण मग उघडी पडली.

तिच्यावर पद्धतशीर उपाय शोधणाऱ्यांत मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचा पाळक (धर्मोपदेशक) जॉन हेल व्हिन्सेंट अग्रणी होता. इलिनॉय राज्यातील आपल्या मंडळ्यांत तो ‘पॅलेस्टाईन वर्ग’ घेई. बायबलमधील स्थळांची माहिती जसजशी पक्की होई, तसतसा विद्यार्थी ‘यात्रेकरू’पासून ‘यरुशलेमवासी’ अशा पायऱ्या चढे. 1861 मध्ये त्याने फ्रीपोर्ट येथे शिक्षकांचे शिबिर भरविले. 1874 मध्ये उद्योगपती लुईस मिलर याच्या साहाय्याने न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा सरोवराकाठी दोन आठवड्यांचे संमेलन झाले. तेथे काठावरच पॅलेस्टाईनची मोठी प्रतिकृती रचली होती: मातीचे उंचवटे म्हणजे डोंगर आणि सरोवर म्हणजे भूमध्य समुद्र. व्याख्यानांच्या जोडीला शेवटी परीक्षाही होती, आणि स्वयंसेवकांना परीक्षेला बसविणे हेच त्या काळी धाडसाचे होते.

दरम्यान 1872 मध्ये इंडियानापोलिस येथील संडे स्कूलांच्या राष्ट्रीय अधिवेशनाने, मुख्यतः शिकागोचा बॅप्टिस्ट पंथीय व्यापारी बी. एफ. जेकब्स याच्या आग्रहामुळे, सर्व पंथांसाठी व सर्व वयांसाठी एकच साप्ताहिक पाठ ठरविला. त्यामुळे गावातील निरनिराळ्या मंडळ्यांचे शिक्षक एकत्र बसून पुढच्या रविवारची तयारी करू लागले. मात्र पाच वर्षांच्या मुलालाही मोठ्यांचाच उतारा शिकवावा लागे. भारतातही 1876 मध्ये अलाहाबाद येथे इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली.

विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज आल्बर्ट को यांच्यासारख्या विचारवंतांनी बालमानसशास्त्राला व सामाजिक अनुभवाला अग्रस्थान दिले. यात बायबल मागे पडते, असे इव्हँजेलिकलांना वाटले. तरी वयानुरूप पाठांची कल्पना त्यांनी टाकली नाही, हे त्यांच्या टीकेइतकेच लक्षात घेण्यासारखे आहे. 1930 च्या दशकाच्या आरंभी शिकागोच्या मूडी बायबल इन्स्टिट्यूटमधील क्लॅरेन्स बेन्सन यांच्या पुढाकाराने इव्हँजेलिकल टीचर ट्रेनिंग असोसिएशन उभी राहिली. बायबल परिचय, बालअभ्यास, अध्यापनशास्त्र व शाळेचे व्यवस्थापन अशा विषयांचा समान अभ्यासक्रम आणि त्यावरील प्रमाणपत्र हे तिचे मुख्य कार्य होते.

हॉलीवूडच्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या मंडळीत 1928 मध्ये आलेल्या हेन्रिएटा मिअर्स यांची वाट थोडी वेगळी होती. त्यांच्या संडे स्कूलची पटसंख्या काही वर्षांतच काहीशेवरून चार हजारांच्या पुढे गेली. उपलब्ध पाठ मुलांना पेलत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी स्वतः पाठ लिहविले आणि 1933 मध्ये त्यांतून गॉस्पेल लाइट ही प्रकाशनसंस्था निघाली. पाठ्यपुस्तके विकणाऱ्यांनीच शिक्षकही घडवावेत, ही रीत पुढे रूढ झाली. 1970 च्या दशकात याच संस्थेने शिक्षकांसाठी ठिकठिकाणी चर्चासत्रे घेतली.