गेल्या उन्हाळ्यात प्यायलेलं पाणी

महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागातल्या सत्तरीपुढच्या कुणापाशी ‘नारू’ हा शब्द काढून बघा. बोलता बोलता हात पोटरीकडे जातो. स्वतःला झालेला नसला तरी भावाला झालेला असतो, नाहीतर शेजारच्या काकूंना. तिशीतल्या पोराला मात्र नारू म्हणजे काय, हे पहिल्यापासून सांगावं लागतं आणि सांगून त्याला ते खरं वाटत नाही. पायाच्या कातडीतून दीड-दोन हात लांबीची जिवंत अळी दोऱ्यासारखी बाहेर येते, ती काडीला गुंडाळत रोज दोन बोटं ओढायची, आणि हा उद्योग काही आठवडे चालतो. घाईने ओढली नि मध्येच तुटली तर आत राहिलेल्या तुकड्याने पाय सुजतो, पू होतो, सांधा कायमचा आखडू शकतो.

या रोगावर लस नाही. औषधही नाही, आजसुद्धा नाही. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही, असंही नाही. काहींना तो वर्षामागून वर्षं होत राही. देवी गेल्या त्या लशीच्या जोरावर, १९८० साली तसं जाहीर झालं. नारूशी लढायला असलं कुठलंच हत्यार नव्हतं. तरीही १९८६ च्या सुमारास २१ देशांत वर्षाला अंदाजे ३५ लाख लोकांना होणारा हा रोग २०२४ साली साऱ्या जगात मिळून १५ माणसांत सापडला.

हे कसं जमलं ते कळायला नारूचा संसार नीट बघावा लागतो.

गावतळ्याच्या किंवा विहिरीच्या साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा जीव राहतो. कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातला, जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा, डोक्यावर एकच डोळा. काचेच्या पेल्यात असं पाणी घेऊन उजेडाकडे धरलं तर झटके देत फिरणारे पांढुरके ठिपके दिसतात, ते हेच. हा सायक्लॉप्स नारूच्या सूक्ष्म अळ्या गिळतो. अळी त्याच्या पोटात मरत नाही. दोनेक आठवड्यांत पुढच्या मुक्कामासाठी तयार होते. ते पाणी माणूस प्यायला की जठरातल्या आम्लात सायक्लॉप्स मरतो, अळ्या सुटतात आणि आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात. तिथेच नर-मादीची गाठ पडते, नर मरून जातो. मादी कातडीखाली वाढत, सरकत राहते. जाडीला शेवईएवढी, लांबीला कधी कधी मीटरभर. इतके दिवस माणसाला पत्ता नसतो. ताप नाही, खाज नाही, काही नाही.

मग साधारण वर्षाने घोट्यापाशी किंवा पावलावर फोड येतो. अशी आग होते की जणू कुणी निखारा ठेवलाय. माणूस काय करणार? पाय पाण्यात घालतो. नारूला नेमकं तेच हवं असतं. पाणी लागलं की फोड फुटतो, मादीचं टोक बाहेर डोकावतं आणि दुधासारखा पांढरा द्राव पाण्यात सुटतो. त्या द्रावात लाखो अळ्या असतात. खाली सायक्लॉप्स आहेतच.

म्हणजे नारूचा सगळा कारभार माणसाच्या दोन सवयींवर उभा आहे: पाणी न गाळता पिणं आणि दुखरा पाय पाण्यात बुडवणं. दोन्हींपैकी एक जरी पक्की मोडली तरी साखळी तुटते. अलेक्सेई फेदचेन्को या रशियन निसर्गअभ्यासकाने १८७० च्या सुमारास समरकंदच्या भागात काम करताना सायक्लॉप्सचा दुवा शोधून काढला होता. उपाय तेव्हाच ठाऊक झाला म्हणायचा. जगभरची मोहीम उभी राहायला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं लागली.

ज्यांना नारू व्हायचा ते गरीब होते, दूरच्या गावांत होते, आणि या रोगाने माणूस सहसा मरत नाही, हे उशिराचं एक कारण झालंच. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते मधलं वर्ष. हगवण लागली तर माणूस काल काय खाल्लं ते आठवतो. नारू आज निघाला तर तो गेल्या उन्हाळ्यात प्यायलेल्या पाण्याचा असतो. गेल्या उन्हाळ्यात कुठल्या गावी, कुणाच्या लग्नात, कुठल्या विहिरीचं पाणी प्यायलो हे कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून लोक त्याचा संबंध दैवाशी जोडत, रक्तातल्या दोषाशी जोडत. तुम्ही गावात जाऊन ‘हे पाण्यामुळे होतं’ म्हणालात तर समोरचा शहाणा माणूस म्हणणार, अहो, आम्ही सगळेच हे पाणी पितो, मग यालाच का? आणि त्याचा प्रश्न चुकीचा नाही. त्याला आज पाणी गाळायला लावलं तरी पुढचे बारा महिने नारू निघतच राहणार, कारण तो आधीच आत आहे. सल्ला देणारा वर्षभर खोटा ठरतो.

त्याहून अवघड गोष्ट दुसऱ्या सवयीची. पाय पाण्यात घालू नको, असं ज्याला सांगायचं त्याचा स्वतःचा त्यात काडीचा फायदा नाही. त्याला नारू झालेलाच आहे. गार पाण्याने त्याला खरंच बरं वाटतं. पुढच्या वर्षी कुणा भलत्याच माणसाला होऊ नये म्हणून त्याने आज आग सोसायची. म्हणून नुसतं ‘पाण्यात जाऊ नका’ म्हणून भागलं नाही. कार्यकर्ते रोज घरी जाऊन जखम धुवायचे, पट्टी बांधायचे, पाय बादलीत बुडवायला सांगायचे आणि ते पाणी विहिरीपासून लांब कोरड्या जमिनीवर ओतायचे. माणसाला गारवा मिळाला, अळ्या मातीत वाळून मेल्या. सगळ्या मोहिमेत मला ही बादली फार शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे या रोगाचं घर म्हणजे पायऱ्यांची विहीर. महाराष्ट्रातली बारव, गुजरातेतली वाव, राजस्थानातली बावडी. बारवांचे फोटो आज आपण हौसेने काढतो, त्यांचा गाळ उपसतो, आणि ते व्हायलाच हवं. ती कारागिरी थक्क करणारी आहे. पण नारूच्या बाजूने बघितलं तर याहून सोयीची रचना नाही. बाई घागर घेऊन उतरते, शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभी राहून घागर बुडवते. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तेवढ्याशा डबक्यात सायक्लॉप्सची दाटी होते, आणि तिथेच गावातले सगळे पाय पडतात.

भारताने १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली. १९८४ साली सात राज्यांत मिळून सुमारे ४०,००० रुग्ण सापडले. महाराष्ट्र त्या सातांत होता. मग ठरलेल्या वेळी घरोघर जाऊन शोध सुरू झाला, हातात नारूचं चित्र घेऊन: ‘असं काही कुणाच्या पायाला निघालंय का?’ पाण्यात टेमेफॉस नावाचं रसायन अगदी थोड्या मात्रेत टाकायचं, लिटरला एक मिलिग्रॅम; सायक्लॉप्स मरतात आणि पाणी पिण्याजोगं राहतं. पायऱ्या बंद करून विहिरींना कठडे बांधले, वरून दोराने शेंदायची सोय केली. आणि हापसे बसवले.

हापशाबद्दल दोन शब्द जास्त लिहायचा मोह आवरत नाही. गावोगाव पूर्वी बसवलेले बिडाचे पंप एखाद्या कुटुंबाच्या वापरासाठी आखलेले होते. सबंध गाव दिवसभर त्यावर तुटून पडलं की ते मोडायचे. दुष्काळी भागात काम करणाऱ्या मिशनच्या लोकांनी आपल्याच कार्यशाळांत त्यात सुधारणा केल्या. एक झाला जालना पंप, दुसरा सोलापूर पंप. १९७० च्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारने याच धर्तीवर ‘इंडिया मार्क २’ हा पंप तयार करवला. दांडा एकाच खिळीवर बेअरिंगमध्ये फिरतो, दांड्याला साखळी, साखळीला खाली जाणारा गज. आपण ज्याला हापसा म्हणतो तो हाच, आणि आफ्रिकेतल्या कितीतरी गावांत बायका पाण्यासाठी दाबतात तोही हाच. बोअरच्या बंद नळातून आलेल्या पाण्यात कुणाचा पाय पडत नाही. नारूचा विषय तिथेच संपतो.

देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. मधली वर्षं वाया गेली नव्हती. शून्य रुग्ण आल्यावरही किमान तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून शोध चालू ठेवावा लागतो, कारण आत दडलेली मादी वर्षभर बोलत नाही.

आफ्रिकेत हीच लढाई पाण्याच्या तुटवड्याने आणि युद्धांनी कठीण केली. मालीतले डोगोन लोक नारूला ‘रिकाम्या कणगीचा आजार’ म्हणत; शेतीची कामं आणि नारू एकाच वेळी येत आणि घरातला कमावता हात आडवा पडे. बोअर खोदणं महाग होतं, म्हणून भर दिला गेला गाळण्यावर. रांजणाच्या तोंडावर बांधायला नायलॉनच्या बारीक जाळीचं कापड वाटलं. गुराख्यांसाठी, भटक्या लोकांसाठी गळ्यात अडकवायची नळी काढली, तिच्या आत जाळी. डबक्याशी ओणवं व्हायचं आणि नळीने पाणी ओढायचं. या कामात १९८६ पासून पुढाकार होता तो अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेचा. १९९५ साली सुदानच्या यादवीत त्यांनी दोन्ही बाजूंना राजी करून युद्धविराम घडवून आणला आणि तो लांबत जवळपास सहा महिने टिकला. तेवढ्यात कार्यकर्त्यांनी एरवी पोहोचता न येणारी गावं गाठली.

कापडाने पाणी गाळणं आपल्याला नवं नाही. आमच्या घरी हंड्याच्या तोंडाला आजी जुनेर चौघडी करून बांधायची. नवं कापड चालायचं नाही म्हणे. तिचं म्हणणं प्रयोगातही टिकलं, फक्त रोग वेगळा होता. बांगलादेशात मतलब भागातल्या गावांमध्ये साडीच्या चार-आठ घड्यांमधून पाणी गाळायला सांगून पाहिलं गेलं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तिथे पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. वापरून विरलेल्या साडीचे तंतू सुटे होतात, छिद्रं आणखी बारीक होतात, म्हणून जुनी साडी सरस. आता पटकीचा जंतू काही घडीच्या साडीत अडकण्याएवढा मोठा नसतो. मग? तो पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतो, आणि त्या जीवांत आपल्या सायक्लॉप्सचे भाऊबंद असतात. जुनेर अडवतं ते वाहनाला, स्वाराला नव्हे. जैन घरांत पाणी गाळण्याचा नेम तर पार जुना, आणि गाळण्यात अडकलेले जीव पुन्हा मूळ पाण्यात सोडण्याची रीतसुद्धा. सायक्लॉप्सलाही अभय, पिणाऱ्यालाही.

मग १५ वर येऊन गाडी अडली कुठे? खरं तर मुदती आधीही चुकल्या आहेत. पहिलं लक्ष्य होतं १९९५ चं. मग २००९, मग २०२०, आता २०३०. कार्टर यांनी म्हटलं होतं की शेवटचा नारू माझ्याआधी मरावा. २०२४ च्या डिसेंबरअखेर ते वयाच्या शंभराव्या वर्षी गेले. त्या वर्षी चाड आणि दक्षिण सुदान मिळून ते १५ रुग्ण होते.

अडली ती कुत्र्यांपाशी. मोहिमेचा सगळा हिशेब एका गृहीतकावर होता: नारूला माणसाखेरीज थारा नाही. माणसांत संपवला की संपला. पण २०१२ पासून चाडमध्ये शारी नदीकाठच्या कुत्र्यांच्या पायांतून नारू निघू लागले. २०१९ साली एकट्या चाडमध्ये सुमारे १,९०० कुत्र्यांना लागण झालेली आढळली. जनुकं तपासली तर माणसातला आणि कुत्र्यातला नारू एकच. कुत्र्यांना तो येतो कुठून, याचा एक धागा मासेमारीत सापडला. मासे साफ करून आतडी तिथेच टाकायची, ती कुत्र्यांनी खायची. मासे आणि बेडूक आपल्या अंगात नारूच्या अळ्या वाहून नेऊ शकतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. माणसाला पाणी गाळायला शिकवता येतं. कुत्र्याला कोण शिकवणार?

म्हणून आता चाडमधले कार्यकर्ते माशांची आतडी पुरायला सांगतात, तळ्यांत टेमेफॉस टाकतात, आणि नारू दिसलेलं कुत्रं बांधून ठेवतात. मालकाला त्यासाठी बक्षीस मिळतं. लागणीचे आकडे बरेच उतरले आहेत. कुत्रं दारात साखळीला असतं, त्याच्या पुढ्यात पाण्याचं भांडं भरून ठेवलेलं असतं, आणि अळी पूर्ण निघेपर्यंत त्याला तळ्याकडे जाऊ द्यायचं नाही. तिथल्या पाण्यात त्याचा पाय पडला की नाही, ते कळायला पुढचा उन्हाळा यावा लागतो.