एस्टोनियातला 'झिरो टॅक्स' नक्की काय आहे?

'एस्टोनियात कंपनीला टॅक्सच नाही' असं ई-रेसिडेन्सी (तिथे न राहता ऑनलाइन कंपनी काढू देणारी एस्टोनियाची डिजिटल ओळख) घ्यायला निघालेला आपल्याकडचा प्रत्येक फ्रीलान्सर ऐकून आलेला असतो. ते खरंही आहे आणि नाहीही.

सुरुवात साधीच होती. सोव्हिएत युनियनमधून सुटल्यावर १९९४ पासून पगारावरही २६ टक्के आणि कंपनीच्या नफ्यावरही २६, बाकी स्लॅब वगैरे भानगडच नाही. खरी गंमत २००० साली झाली. तेव्हा ठरलं की नफा कंपनीतच ठेवला तर काही नाही, बाहेर काढला की टॅक्स. बाहेर म्हणजे नुसता डिव्हिडंड नाही, गिफ्ट, धंद्याशी संबंध नसलेला खर्च, सगळंच आलं. अगदी कंपनीची गाडी घरच्या कामाला वापरली तरी २०१८ पासून इंजिनाच्या पॉवरवर हिशोब लागतो, दर किलोवॅटला महिन्याला १.९६ युरो, म्हणजे १०० किलोवॅटच्या गाडीला १९६ युरोची सुविधा घेतली असं धरून त्यावर टॅक्स, गाडी पाच वर्षांहून जुनी असली तर थोडी सूट.

म्हणजे टॅक्स माफ नाही, फक्त तारीख पुढे ढकललेली. पण याला म्हणायचं काय, यावरून जो घोळ झाला तो भारी आहे. आपल्याकडचा डीडीटी, म्हणजे डिव्हिडंड वाटताना कंपनीने भरायचा टॅक्स, आठवतोय ना, २०२० ला गेला तो? तो आधी कंपनी टॅक्स भरून वर पुन्हा लागायचा, आणि एस्टोनियात पहिला टॅक्सच नाही, म्हणून तुलना अर्धीच जमते. २००४ मध्ये एस्टोनिया युरोपियन युनियनमध्ये गेला आणि तिथला नियम असा की पोटकंपनीने दुसऱ्या सदस्य देशातल्या पालक कंपनीला डिव्हिडंड दिला तर त्यातून टॅक्स कापायचा नाही. एस्टोनियाचं म्हणणं, आम्ही डिव्हिडंडमधून कापतच नाही, हा कंपनीच्या नफ्यावरचा टॅक्स आहे, फक्त डिव्हिडंडच्या दिवशी भरायचा. युनियनवाल्यांना हे शब्दांचे खेळ वाटले, आणि खरं सांगायचं तर थोडे होतेच. ही पद्धत चालू ठेवायला २००८ अखेरपर्यंत मुदत मिळाली, पद्धत गुंडाळावी लागणार अशी चर्चाही झाली. तेवढ्यात २००८ मध्येच जर्मनीतून आलेल्या एका केसमध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टाने म्हटलं की टॅक्सचा बोजा कायद्याने शेअरहोल्डरवर नसून कंपनीवर असेल तर ती कपात धरायची नाही. एस्टोनियाला आयतंच मिळालं, गाभा तसाच राहिला. मला विचाराल तर देशाचं नशीब धोरणापेक्षा त्या एका वाक्यावर जास्त टिकलं. पुढे २०१८ मध्ये लाटव्हियानेही असंच काहीतरी सुरू केलं.

पळवाटा निघाल्याच. डिव्हिडंडऐवजी पालक कंपनीला कर्ज द्यायचं आणि ते कधी परत घ्यायचंच नाही. म्हणून २०१८ पासून ४८ महिन्यांहून लांब कर्ज असेल तर ते फिटणार आहे हे कंपनीनेच पटवून द्यायचं. रेट २०१५ ला २० वर आले होते, २०२५ पासून २२/७८, म्हणजे हातात ७८ युरो द्यायचे तर सरकारला २२. नियमित डिव्हिडंडला असलेला १४ टक्क्यांचा सवलतीचा रेटही त्याच वर्षी गेला.

पगारदारांची कथा वेगळी. २०१८ मध्ये महिन्याला ५०० युरोची करमुक्त रक्कम आणली, पण पगार १२०० च्या वर गेला की ती घटत जायची आणि २१०० ला शून्य. त्यामुळे मधल्या पट्ट्यात वाढलेल्या प्रत्येक युरोवर साधारण ३१ टक्के जायचे आणि त्याहून जास्त कमावणाऱ्याचे २०च. लोक त्याला 'कराचं कुबड' म्हणायला लागले. फ्लॅट टॅक्सची टिमकी वाजवणाऱ्या देशात हे! २०२६ पासून सगळ्यांना सरसकट ७०० युरो केले तेव्हा ते कुबड गेलं. संरक्षण खर्चासाठी इन्कम टॅक्सचा रेट २४ वर न्यायचा होता, तो बेत २०२५ मध्येच बारगळला, व्हॅट मात्र जुलै २०२५ पासून २४ झालाच. आणि एम्प्लॉयर पगाराच्या वर जो ३३ टक्के सोशल टॅक्स (पेन्शन आणि आरोग्यासाठीचा) भरतो तो कुणी 'झिरो टॅक्स' सांगताना मोजतच नाही.