सिरॅमिक की मॅग्नेटिक? फोनो प्रीॲम्प बांधण्याआधी कार्ट्रिज ओळखा

टर्नटेबलसाठी घरी फोनो प्रीॲम्प (कार्ट्रिजचा सिग्नल वाढवून, सूर समतोल करून ॲम्प्लिफायरला देणारं सर्किट) बांधायचं ठरलं की बहुतेक जण लगेच सर्किट शोधू लागतात. त्याआधी आर्मच्या टोकाला कोणती कार्ट्रिज (सुईची हालचाल व्होल्टेजमध्ये बदलणारा भाग) आहे ते बघा. सिरॅमिक आणि मॅग्नेटिक कार्ट्रिज वरवर सारख्याच दिसतात, सुई दोघींनाही असते. पण एकीला हा प्रीॲम्प लागतोच, आणि दुसरीला तो जोडला तर गाणं पार बिघडतं.

कारण रेकॉर्डच्या खाचेत आहे. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाच झोके घेत शेजारच्या खाचेत घुसेल. वरचे सूर वाढवून कापतात. वाजवताना ते परत खाली आणले की पृष्ठभागाची खरखरही त्यांच्याबरोबर खाली येते. हे प्रमाण १९५४ पासून आरआयएए (अमेरिकेतली रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) या नावाने रूढ आहे. वाजवताना ते उलटवायचं असतं: १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झ सुमारे नऊपट वर, २० किलोहर्ट्झ जवळपास एक दशांशावर. फोनो प्रीॲम्पचं खरं काम हे. आवाज मोठा करणं त्यामानाने सोपं.

मॅग्नेटिक कार्ट्रिज सुई किती वेगाने हलते त्याप्रमाणे व्होल्टेज देते, तेही जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट. खाचेतलं सगळं असंतुलन तिच्यातून जसंच्या तसं बाहेर येतं. सिरॅमिकमध्ये सुई एका छोट्या पट्टीला वाकवते आणि व्होल्टेज सुई किती सरकली यावर ठरतं. त्यामुळे आरआयएएची बरीचशी दुरुस्ती आपोआप होते आणि शेकडो मिलिव्होल्ट मिळतात. एचएमव्ही फिएस्टासारख्या पेटीतल्या बहुतेक प्लेअरांना म्हणूनच वेगळा फोनो प्रीॲम्प नव्हता. आजच्या स्वस्त सूटकेस प्लेअरांतही बहुधा सिरॅमिकच असते. (तिच्या आधीची क्रिस्टल कार्ट्रिज दमट हवेत खराब व्हायची, कोकणातल्या घरात ती मुकी निघाली तर नवल नाही.)

ओळखायला मल्टिमीटर पुरतो. कार्ट्रिजच्या तारा सोडवून एका चॅनेलच्या दोन पिनांमध्ये रोध मोजा. काहीशे ओहम ते एक-दोन किलोओहम दाखवले तर आत वेटोळं आहे, म्हणजे मॅग्नेटिक. मीटर हललाच नाही तर बहुधा सिरॅमिक, किंवा तुटलेलं वेटोळं. दुसरं चॅनेलही तपासा. टर्नटेबलला ‘लाइन’ आउटपुट असेल तर प्रीॲम्प आतच आहे, दुसरा नको.

मॅग्नेटिक निघाली, तर एनई५५३२ या एका दुहेरी ऑप-ॲम्प चिपमध्ये दोन्ही चॅनेल भागतात. प्रत्येक चॅनेलला इनपुटपासून ग्राउंडला ४७ किलोओहम. फीडबॅकमध्ये, म्हणजे चिपच्या आउटपुट आणि इन्व्हर्टिंग (उणे) पिनांच्या मध्ये, दोन जोड्या एकामागोमाग: ७.५ किलोओहमला समांतर १० नॅनोफॅरड, आणि ८२ व ५.६ किलोओहम एकामागोमाग जोडून त्यांना समांतर ३३ व ३.३ नॅनोफॅरड. इन्व्हर्टिंग पिनपासून ग्राउंडकडे १०० ओहम आणि त्याच्यापुढे २२० मायक्रोफॅरड. १ किलोहर्ट्झला आवाज साधारण शंभरपट होतो. रेझिस्टर १ टक्क्याचे घ्या. हे छोटे कपॅसिटर मात्र फिल्मचेच हवेत. चकतीसारखे सिरॅमिक कपॅसिटर इथे नकोत, त्यांची क्षमता तापमानाने सरकते आणि दोन्ही चॅनेल जुळत नाहीत. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे सगळं मिळायला अडचण नाही.

सर्वांत जास्त काळजी घ्यायची ती वीजपुरवठ्याची. आरआयएए ५० हर्ट्झला सुमारे १७ डेसिबल वर उचलतं, आणि आपली वीज नेमकी ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डब्यात, बोर्डापासून लांब ठेवा. बोर्ड धातूच्या डब्यात बसवा आणि टर्नटेबलची अर्थची तार त्या डब्याला जोडा. इतकं केलं नाही तर तंबोऱ्याच्या आधी घूं ऐकू येईल.

सिरॅमिकला यातलं काहीच नको. ४७ किलोओहमवर तिचा खर्ज गळून जातो आणि वर शंभरपट वाढवल्यावर आवाज फाटतो. तिला हवा १ मेगओहमचा इनपुट असलेला साधा बफर (सिग्नल न वाढवता पुढे देणारं सर्किट), आरआयएएशिवाय. इथे एनई५५३२ वापरू नका: या चिपचा बायस करंट (तिच्या इनपुट पिनेतून वाहणारा बारीक प्रवाह) १ मेगओहममधून गेला की इनपुटवर साधारण ०.२ व्होल्ट डीसी उभा राहतो. टीएल०७२ ही ऑप-ॲम्प चिप योग्य.

घरात आजोबांच्या वेळच्या नाट्यगीतांच्या ईपी असतील तर मी मॅग्नेटिकचंच टर्नटेबल घ्या म्हणेन. तिची सुई दोनेक ग्रॅमने टेकते, सिरॅमिकची पाचेक ग्रॅमने, आणि तो भार खाच सोसते. पण जुन्या पेटीच्या आर्मवर मॅग्नेटिक कार्ट्रिज चढवू नका; तो आर्म जड भारासाठीच बनवलेला असतो, हलक्या सुईला तो नीट वाहून नेणार नाही.