मिरची तोडली तरी बी पिकतच असतं

ढोबळी मिरची चिरताना कधीतरी आत मोड आलेलं बी सापडतं. बंद फळाच्या पोटात पांढरं, वळलेलं मूळ. आणि बाजारातल्या हिरव्या मिरचीचं बी हौसेनं कुंडीत टाकावं, तर पंधरा दिवस पाणी घालूनही मातीवर काही दिसत नाही. आपण 'बाजारातलं बी कसलं उगवतंय' म्हणून सोडून देतो. खरं तर दोन्हीकडे हिशेब एकच आहे: बी फळात किती दिवस राहिलं.

फूल उमलल्यापासून फळ पूर्ण लाल व्हायला साधारण ५० ते ६० दिवस लागतात, वाण आणि हवामानाप्रमाणे थोडे मागेपुढे. भाजीवाल्याकडची हिरवी मिरची त्याच्या बरीच आधी तोडलेली असते. ती आणि एक लाल मिरची शेजारी शेजारी उभ्या चिरून पाहा. हिरवीतलं बी पांढुरकं, मऊ, नखानं दाबलं की पिचणारं. लालमधलं गवती पिवळं आणि टणक. कोवळ्या बियात गर्भ असतो, पण त्याच्याभोवतीचा तेल-प्रथिनांचा शिधा अजून भरलेला नसतो.

शिधा भरला म्हणजे काम झालं, असंही नाही. बियाचं वजन वाढायचं थांबल्यावरही आठवडा-दीड आठवडा त्याची प्रत सुधारत राहते. या काळात ते कोरडं पडून जिवंत राहायला शिकतं. वाळताना पेशींचे पडदे फाटू नयेत म्हणून ठरावीक शर्करा आणि प्रथिनं लागतात, ती याच शेवटच्या टप्प्यात साठतात. अर्धवट पिकलेलं बी ओलं असताना कदाचित रुजेलही. वाळवलं की मरतं. आणि बियाणं म्हटलं की वाळवणं आलंच.

गव्हाचा दाणा ओंबीतच वाळतो. मिरचीच्या बियाला ती सोय नाही. लालबुंद, रसदार मिरचीतल्या बियाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचंच असतं.

मग फळ झाडावरच भरपूर पिकू द्यावं की! इथेच शेतकऱ्याची अडचण सुरू होते. लाल फळावर फळकुजीचा डोळा असतो. आधी खोलगट गोल डाग, मग त्यात काळ्या ठिपक्यांची वलयं. पाऊस लागला की ही बुरशी गरातून बियापर्यंत जाते, बी तपकिरी पडतं आणि रोग पुढच्या रोपवाटिकेत पोहोचतो. शिवाय झाडावर पिकलेली फळं तशीच राहिली, तर वरची नवी फुलं धरत नाहीत.

वाट निघते ती मिरचीच्याच एका गुणातून. रंग पालटू लागलेलं फळ तोडलं तरी मरत नाही. त्याचा श्वास चालू असतो, रंग चढत राहतो आणि आतलं बीही पुढे सरकत राहतं. म्हणून अर्धी लाल किंवा नुकती लाल झालेली मिरची तोडून सावलीत, वारा खेळता ठेवून आठवडा-दहा दिवस पातळ पसरली, तर थोड्या आधी तोडल्याची बरीचशी भरपाई होते. पार हिरवी मिरची मात्र अशी कितीही ठेवा, फार काही पदरात पडत नाही.

देऊळगाव राजा, जालना भागात शेडनेटमध्ये संकरित मिरचीचं बियाणं तयार होतं. तिथे बायका एकेका कळीतले पुंकेसर चिमट्यानं काढून हातानं परागीकरण करतात. इतक्या मेहनतीचं फळ चार दिवस आधी तोडायचं की नंतर, हा तिथे थेट पैशाचा प्रश्न असतो.

तोडलेल्या फळातल्या बियाच्या या मुक्कामालाही मर्यादा आहे. पिकू लागेपर्यंत बियाला रुजण्यापासून अडवतं ते अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक आणि भोवतीच्या रसाचा दाब. दिवस जातील तसं हे संप्रेरक ओसरतं. बी तयार, ओलावा हजर, अडवणारं कुणी नाही. मग ते फळातच मोड काढतं. सुरुवातीच्या ढोबळी मिरचीचं हेच झालं होतं. फळं फ्रीजमध्ये कोंबूनही उपयोग नाही. मिरची उष्ण प्रदेशातली, साधारण ७ अंशांखाली तिला थंडी बाधते आणि बियांची पोकळीही काळवंडते.

बी काढताना हातमोजे घाला. तिखटपणा बियात नसतो, बी जिला चिकटलेलं असतं त्या पांढऱ्या शिरेत असतो. पण हे ज्ञान रात्री डोळे चोळताना काही कामाचं नाही.

वाळवताना घाई नडते. ओलं बी मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर टाकलं तर ते शिजतंच म्हणायचं. मसाल्याच्या वाळक्या मिरचीचं बी पुष्कळदा उगवत नाही, त्याचं एक कारण ही तापलेली वाळवणंच. कापडावर, सावलीत, हलक्या हातानं परतत वाळवावं. बियाणं प्रमाणीकरणात मिरचीच्या बियातला ओलावा साध्या पिशवीत ८ टक्के आणि हवाबंद पाकिटात ६ टक्क्यांपर्यंतच चालतो. उगवणीची किमान अट मात्र ६० टक्के. गव्हाला ती ८५ आहे. दहातले चार दाणे उगवले नाहीत तरी पाकीट नियमातच असतं, इतकं हे बी लहरी.

साठवणीचा एक जुना ठोकताळा आहे: ओलावा एका टक्क्यानं उतरला की बियाचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि तापमान ५ अंशांनी उतरलं तरी दुप्पट. आजीनं मिरचीचं बी राखेत घालून डब्यात ठेवलं, ते यातल्या पहिल्या निम्म्यासाठी. कोरडी राख ओल शोषून घेते. दुसऱ्या निम्म्यासाठी आपल्याकडे फ्रीज आहे. मिरचीला तो सोसत नाही, नीट वाळलेल्या बियाला चांगला मानवतो. फक्त बरणी बाहेर काढल्यावर लगेच झाकण उघडू नका. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पावसाळी हवेतलं पाणी गार बियांवर दवासारखं धरतं.