लघवीतलं अल्ब्युमिन मोजायचं तर आधी सशाला विचारा

शुगर असलेल्या माणसाला डॉक्टर वर्षातून एकदा युरीन एसीआर (लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रोटीनचं क्रिएटिनिनशी प्रमाण, किडनीच्या तपासणीसाठी) करायला सांगतात, रिपोर्टवर आकडा ३० च्या आत आला की घरात सगळे हुश्श करतात. पण हा आकडा निघतो कसा हे कोणी विचारत नाही. तर बहुतेक मशीनमध्ये एका छोट्या बाटलीत शेळीच्या, मेंढीच्या नाहीतर सशाच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडीज असतात, त्या अल्ब्युमिनला धरतात, त्याचा गढूळपणा येतो आणि मशीन तो गढूळपणा मोजतं. (रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे एलएफटी या लिव्हरच्या टेस्टमधलं, ते वेगळं. तिथे ते ग्रॅममध्ये असतं म्हणून ब्रोमोक्रेसॉल ग्रीन नावाच्या रंगावर काम भागतं. लघवीत ते मिलिग्रॅममध्ये, तिथे रंगाचं काही चालत नाही.)

गंमत म्हणजे यातली मूळ युक्ती सव्वाशे वर्षांत बदललेलीच नाही. माणसाचं प्रोटीन सशाला टोचलं की सशाला ते परकं वाटतं आणि तो त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतो. बदलत गेलं ते फक्त सशाचं उत्तर वाचायचं तंत्र.

१८९७ मध्ये व्हिएन्नात रुडॉल्फ क्राउसला दिसलं की जंतूंचा गाळलेला रस आणि त्यांच्याविरुद्धचं सिरम (रक्त गोठल्यावर उरणारं पाणी, अँटीबॉडी त्यातच असतात) एकत्र केलं की तळाला साका बसतो. दोनच वर्षांत ज्यूल बोर्देने दाखवलं की त्याला जंतूच लागतात असं काही नाही, सशाला नुसतं दूध टोचलं तरी दुधातल्या प्रोटीनचा साका पाडणारं सिरम मिळतं. मग १९०१ च्या सुरुवातीला जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला पाउल उलेनहुथने हेच माणसाच्या रक्तावर लावलं, डाग वाळलेला असला तरी मिठाच्या पाण्यात भिजवायचा, वर सशाचं सिरम, गढूळ झालं तर रक्त माणसाचं.

आणि त्याच वर्षी जुलैत जवळच्याच र्‍यूगन बेटावर दोन लहान भावांचा खून झाला. लुडविग टेसनोव्ह नावाचा सुतार पकडला गेला, त्याच्या कपड्यांवर डाग होते, तो म्हणे हे लाकडाला लावायच्या रंगाचे. तीन वर्षांपूर्वी दुसर्‍या गावात दोन मुली मारल्या गेल्या तेव्हाही त्याने हेच सांगितलं होतं आणि सुटला होता! शिवाय खुनाच्या थोडं आधी बेटावर कोणीतरी मेंढ्या कापून टाकल्या होत्या. कपडे उलेनहुथकडे गेले आणि त्याने सांगितलं, काही डाग मेंढीच्या रक्ताचे आहेत आणि काही माणसाच्या. नुसतं रक्त आहे की नाही एवढं सांगणार्‍या टेस्ट आधीही होत्या, पण कोणाचं आहे हे सांगणारी ही पहिलीच. टेसनोव्ह दोषी ठरला.

आपल्याकडच्या खटल्यांत ‘रक्त मानवी असल्याचा सीए (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्ट’ हे जे ऐकतो ना, त्याचं मूळ हेच. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम २९३ मध्ये ज्यांचा अहवाल कोर्टात पुरावा म्हणून चालतो त्यांच्या यादीत सरकारी सिरॉलॉजिस्ट (सिरमच्या टेस्ट करणारा) होता आणि मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचा संचालकसुद्धा.

पण उलेनहुथचं सिरम सगळ्या रक्ताविरुद्ध होतं, एकट्या अल्ब्युमिनविरुद्ध नाही. त्यासाठी सशाला शुद्ध अल्ब्युमिन टोचायला पाहिजे, आणि ते ढिगाने मिळायला लागलं दुसर्‍या महायुद्धामुळे. हार्वर्डमध्ये एडविन कोनने थंड अल्कोहोल वापरून प्लाझ्माचे (रक्तातल्या पातळ भागाचे) भाग वेगळे काढायची पद्धत बसवली, त्यात अल्ब्युमिन पाचव्या भागात येतं, म्हणून आजही बाटलीवर ‘फ्रॅक्शन फाइव्ह’ लिहिलेलं असतं. माणसाचं अल्ब्युमिन जखमी सैनिकांना दिलं गेलं, पण माणसाचं रक्त मिळणार किती, म्हणून गाईचं वापरून बघायचं ठरलं. १९४२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या नॉरफोकच्या तुरुंगात कैद्यांना ते टोचलं, बरेच जण आजारी पडले, एक मेला. म्हणजे सशाला जसं आपलं अल्ब्युमिन परकं तसं आपल्याला गाईचं! ते औषध बारगळलं पण अल्ब्युमिन मात्र लॅबमध्ये राहिलं, आज बीएसए (बोव्हाइन सिरम अल्ब्युमिन) म्हणून प्रत्येक फ्रीजमध्ये असतं आणि एलायझा या अँटीबॉडीच्या टेस्टच्या प्लेटवरच्या मोकळ्या जागा झाकायला वापरतात. त्यातही एक खोच आहे. गाईचं आणि माणसाचं अल्ब्युमिन पाऊण हिश्श्याच्या आसपास सारखं, त्यामुळे अँटीसिरम नीट साफ केलेलं नसेल तर ते बीएसएलाच जाऊन चिकटतं आणि अख्खी प्लेट पिवळी, म्हणजे सगळीकडे खोटा होकार.

१९४० च्या दशकात पॅरिसमध्ये उदँ आणि स्वीडनमध्ये ऑक्टरलोनी यांनी साका टेस्टट्यूबमधून काढून जेलमध्ये आणला. एमएस्सीला हे प्रॅक्टिकल आम्ही केलंय, काचेवर अगार ओतायचं, थिजलं की त्याला भोकं पाडायची (माझी कायम फाटायची), मधल्या भोकात अँटीसिरम, बाजूला सॅम्पल, आणि ओल्या कापसासोबत डब्यात रात्रभर. सकाळी दिव्यासमोर धरलं की केसाएवढी पांढरी रेघ. १९६५ मध्ये मान्चिनीने अँटीबॉडी जेलमध्येच मिसळली आणि पांढर्‍या रिंगणाच्या व्यासावरून प्रमाण काढलं, पुढच्या वर्षी लॉरेलने वीज लावून रॉकेटसारखी टोकं काढली, जेवढं उंच तेवढं अल्ब्युमिन.

लघवीचं खरं काम मात्र लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधून सुरू झालं. यॅलो आणि बर्सन यांनी इन्सुलिनसाठी रेडिओइम्युनोअसे (किरणोत्सर्गी खूण आणि अँटीबॉडी वापरून मोजायची टेस्ट) काढला होता, हॅरी कीन आणि क्लुवेराकिस यांनी १९६३ मध्ये तसाच लघवीतल्या अल्ब्युमिनसाठी काढला. लघवीत बुडवायच्या रंगाच्या स्ट्रिपला दिसायच्या कितीतरी आधी थोडं थोडं अल्ब्युमिन गळत असतं हे त्यामुळे दिसायला लागलं, पण ही गळती पुढे किडनी खराब होण्याची पूर्वसूचना आहे हे पक्कं व्हायला १९८२ उजाडलं. त्या वर्षी विबेर्ती आणि मंडळींचा पेपर आला आणि १९८४ मध्ये डेन्मार्कच्या मोगेनसेनचा. मायक्रोअल्ब्युमिनुरिया (ही थोडी थोडी गळती) हा शब्द त्यानंतर घरोघरी गेला.

आता सगळं मशीनवर आहे पण साका तोच, आणि त्याची जुनी खोडही तीच. अल्ब्युमिन अतीच झालं तर अँटीबॉडी पुरत नाही, जाळं बनत नाही आणि गढूळपणा उलट कमी होतो, हे १९३० च्या दशकात हायडेलबर्गरने मोजून दाखवलंय. एका लॅबमध्ये असताना मी स्वतः बघितलंय, पेशंटचे पाय सुजलेले, स्ट्रिप गडद हिरवी आणि मशीन म्हणतंय नॉर्मल. शंभरपट पातळ करून परत लावलं तेव्हा खरा आकडा आला.

राहता राहिला प्राण्यांचा प्रश्न. १९७५ ला कोलर आणि मिलस्टाईनने मोनोक्लोनल (सगळ्या एकसारख्या, एकच जागा धरणाऱ्या) अँटीबॉडी काढली, पण त्यालाही उंदीर लागलाच. कॅलिफोर्नियातल्या एका अँटीबॉडी कंपनीला शेळ्यासशांच्या हालांवरून २०१६ मध्ये ३५ लाख डॉलर भरावे लागले. प्राण्यांवरच्या प्रयोगांना पर्याय तपासणाऱ्या युरोपियन युनियनच्या ईसीव्हीएएम लॅबने २०२० मध्ये शिफारसच केली की प्राण्यांशिवाय, फेजवर (जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूंवर) बनवलेल्या अँटीबॉडी वापरा. मला ते पटतं, पण साक्याच्या टेस्टला एकाच प्रोटीनला दहा जागी धरणारं मिश्रण लागतं आणि ते शेळी आयतं बनवून देते. फक्त एक शेळी गेली की दुसरीचं मिश्रण थोडं वेगळं येतं, म्हणून अँटीबॉडीचा नवा लॉट (नवी खेप) आला की आम्ही जुन्या लॉटवर लावलेली सॅम्पल्स परत लावून दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघतो.